नववं वेटोळं

मी बोलतेय. खरं तर मी तोंड उघडू नये अशीच माझी लायकी आहे. आयुष्यात एकदाच नको तेव्हा बोलले आणि एका घराची मान खाली गेली. पण मनात ठेवून ठेवून जीव गुदमरायला लागलाय, म्हणून सांगते. आधी ऐकून घ्या, मग काय बोल लावायचा तो लावा.

मी एक वायर आहे. सरळ नव्हे, वेटोळ्यांची. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरला असायची ना, ओढली की लांब होणारी आणि सोडली की आक्रसून बसणारी, त्या जातीची. माझी जागा दोन माणसांच्या एका छोट्या विमानात होती. वैमानिकाच्या पुढ्यात एक हँडल असतं. त्या हँडलवर डाव्या अंगठ्याखाली लाल बटण असतं. बटण दाबलं की वैमानिकाचा आवाज रेडिओवरून टॉवरला जातो आणि सोडलं की टॉवरचं बोलणं त्याच्या कानात येतं. बटणापासून रेडिओपर्यंतचा रस्ता म्हणजे मी. हँडल सारखं फिरतं, पुढेमागे सरकतं, म्हणून मला वेटोळी. नाहीतर पहिल्याच वळणाला तुटले असते.

म्हणजे माझं काम काय, तर दाबलं की बोलायचं आणि सोडलं की गप्प बसायचं. त्यातही गप्प बसणंच जास्त. माणसांनाही ते जमत नाही म्हणा, पण त्यांच्या गप्प बसण्यावर कुणाचा जीव टांगलेला नसतो.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. माझ्या जागी आधी जी होती ती कारखान्यातली, चांगल्या घरची. तीस वर्षं इमानाने राबली आणि मग तिची कातडी उन्हाने तडकून पापुद्रे निघायला लागले. मिस्त्रींनी तिला काढलं. मिस्त्री म्हणजे त्या धावपट्टीवरच्या छोट्या विमानांचे एकुलते एक डॉक्टर. नाव कुणी घेत नसे. सगळे मिस्त्रीच म्हणत, आणि म्हणताना आवाजात आदर असे. त्यांची सही लॉगबुकात पडली की डोळे मिटून विमानात बसावं, असं माणसं म्हणायची.

मिस्त्रींनी विमानाच्या कंपनीला विचारलं. कंपनीने किंमत सांगितली. त्या किमतीत घरात नवा फ्रीज आला असता, आणि फ्रीज दुसऱ्या दिवशी तरी आला असता. वायरला दोन महिने लागणार होते.

"दोन महिने?" मिस्त्रींची मुलगी म्हणाली. "बाबा, माझी तारीख पंधरा दिवसांवर आलीय!"

या मुलीला घरात भिंगरी म्हणत, कारण लहानपणापासून ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. ती विमान चालवायला शिकत होती. शिकवणाऱ्या मॅडम शेजारी बसून शिकवत. आता पंधरा दिवसांनी मॅडम शेजारून उतरणार होत्या आणि भिंगरी पहिल्यांदा एकटी उडणार होती. ती तारीख चुकली तर मॅडम परगावी जाणार, मग पुढची तारीख केव्हा ते कुणी सांगावं!

मिस्त्रींनी दुकानं पालथी घातली. टेलिफोनची वायर स्वस्तात मिळत होती, पण तिच्या पोटात दोऱ्यावर गुंडाळलेली पातळ पत्र्याची पट्टी असते. ती सोल्डर धरत नाही आणि विमानात टिकत नाही. हे मिस्त्रींना माहीत होतं. एवढं कळणारा माणूस पुढे चुकला, म्हणून तर जीवाला जास्त लागतं.

शेवटी त्यांनी ठरवलं, आपणच करू. चांगल्या प्रतीची लवचिक केबल आणली. पोटात तांब्याच्या बारीक तारा, वर मऊ काळं आवरण. ती लोखंडी सळईवर घट्ट गुंडाळायची, भट्टीत तापवायची, मग काढून उलट्या दिशेने पिळायची, की वेटोळी कायमची बसतात. भट्टी कुठली? तर स्वयंपाकघरातला केकचा ओव्हन.

पहिली वायर वितळून ट्रेला चिकटली. दुसरीने सळईवरून उतरताच मान टाकली. तिसरीचीही तीच गत झाली. मिस्त्री ओव्हनपुढे स्टुलावर बसून तिच्याकडे बघत राहिले.

मिस्त्रींची बायको पुढच्या खोलीत पार्लर चालवायची. बायकांचे केस कापणं, सरळांचे कुरळे आणि कुरळ्यांचे सरळ करणं हा तिचा धंदा. गिऱ्हाईक उठून गेल्यावर ती आत आली, ती लोळागोळा झालेली वायर बोटात धरून तिने पाहिली आणि हसायलाच लागली.

"अहो, गरम गरम काढलीत ना सळईवरून? रोलर गरम असताना सोडला की केसही असेच लोंबतात. पूर्ण थंड होऊ द्यायचं. हात लावायचा नाही, फुंकर मारायची नाही. धीर म्हणून काही असतो की नाही माणसाला?"

"तुझ्या पार्लरची अक्कल विमानाला लावू म्हणतेस?"

"लावून तर बघा. नाहीतर आणा कंपनीची."

त्यांनी लावून बघितली, आणि मी जन्माला आले. तापले, सळईवरच थंड झाले, मग मिस्त्रींनी मला उलटं पिळलं आणि माझी वेटोळी एकमेकांना अशी बिलगली की विचारू नका. मिस्त्रींनी मला ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं. "जमली! अगं, जमली!" म्हणून ते ओरडले तेव्हा पार्लरमधली बाई डोक्याला लावलेले रोलर तसेच घेऊन बघायला आली.

इथपर्यंत सगळं छान. आता जी गोष्ट मी आजवर गिळून बसले ती सांगते. मला एकूण सव्वीस वेटोळी. त्यांतलं नववं ओव्हनच्या तापल्या जाळीला टेकलं होतं. सळई एका बाजूला जराशी वाकली होती, एवढंच निमित्त. बाहेरून काय दिसत होतं? एक चपटा, चकचकीत डाग, नखाएवढा. पण आत माझ्या दोन तारांच्या मधलं आवरण तिथे दबून कागदासारखं पातळ झालं होतं.

मिस्त्रींना तो डाग दिसला. त्यांनी त्यावरून नख फिरवलं, डोळ्याजवळ नेऊन पाहिलं. केबल संपली होती आणि तारीख परवावर होती. शिवाय तीन वायरी फुकट गेल्यावर ही इतकी देखणी उतरली होती. त्यांनी एक उसासा टाकला. मग मला विमानात बसवताना नववं वेटोळं अलगद मागच्या बाजूला वळवलं, जिथे बसणाऱ्याची नजर जात नाही. त्यांची बायको नॅपकिन शोधायच्या निमित्ताने ओव्हनपाशी होती, तेव्हा तिनेही तो डाग पाहिला होता. पण वायरीतलं आपल्याला काय कळतं, म्हणून ती बोलली नाही.

मॅडमनी विचारलं, "अरे वा, आली का नवी?"

"आली," मिस्त्री म्हणाले. लॉगबुकात त्यांनी लिहिलं, नवी वायर बसवली, आणि खाली ती डोळे मिटून बसावं अशी सही केली. घरी केलेली वायर बसवायची तर तपासणी खात्याच्या साहेबांना आधी दाखवावी लागते. ते टाळायला हे एक 'आली' पुरलं.

पण बातमी कुठे लपते! दोनच दिवसांत चार विमानमालक मला येऊन बघून गेले. "मिस्त्री, आम्हालाही करून द्या की अशी." मिस्त्री खांदे उडवत "बघू, बघू" म्हणत, पण चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. कौतुकाने मीही फुगले होते. चपट्या जागेसकट फुगले होते, हे आज सांगताना लाज वाटते.

तारखेच्या दिवशी विमान सकाळपासून उन्हात उभं होतं. आतली हवा तव्यासारखी झाली होती आणि माझं आवरण मऊ पडलं होतं. मॅडमनी भिंगरीला शेजारी बसून दोन फेऱ्या मारायला लावल्या. मग पट्टा सोडून त्या खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "जा आता. एक फेरी मारायची आणि यायचं. मी इथेच आहे."

भिंगरी गेली. विमान वर उठलं. डाव्या वळणाला तिने हँडल फिरवलं, मी ताणले, आणि नवव्या वेटोळ्यात माझ्या दोन तारा एकमेकींना भिडल्या आणि मऊ आवरणात तशाच अडकून राहिल्या. भिंगरीचा अंगठा बटणावर नव्हता. तिने अगदी शिकवल्यासारखा तो उचलून बाजूला ठेवला होता. पण रेडिओला वाटलं, बटण दाबलेलं आहे. त्या क्षणापासून तिचा शब्द न् शब्द साऱ्या धावपट्टीला ऐकू जायला लागला, आणि टॉवरचं एक अक्षरही तिला ऐकू येईना. रेडिओवर बोलणं चालू असलं की ऐकणं बंद असतं, त्याची रीतच ती. तसा रेडिओवर एक बारीक दिवा पेटतो. पण समोरून ऊन आत येत होतं, तिला तो दिसला नाही.

आधी मजाच झाली. "आई गं, किती वर आले मी!" असं म्हणून ती एकटीच खुदकन हसली, कसलंसं गाणं गुणगुणली. खाली हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, मिस्त्रींनी कामाच्या टेबलावर रेडिओ लावला होता. भोवती जमलेले हसले. मिस्त्रीही हसले. मग त्यांचं हसू थांबलं. बाकीच्यांना वाटलं, पोरीने बटण दाबून धरलंय. मिस्त्रींना तसं वाटलं नाही.

भिंगरीने टॉवरला हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली.

"टॉवर, ऐकू येतंय का? कुणीतरी बोला ना." मग ती स्वतःशीच बोलायला लागली. "थांब, घाबरू नको. काय चुकलं? आवाज वाढवलेला आहे. बटण सोडलेलं आहे. मग काय केलं मी? वायर तर बाबांनी बसवलीय, म्हणजे तिचं काही नाही. माझंच काहीतरी चुकलं."

हे सगळ्यांनी ऐकलं. मी ते वाहून नेलं. माझं पोट फाटलेलं असताना, माझ्याबद्दलचंच ते बोलणं, मी अगदी स्वच्छ, एकही अक्षर न गाळता, तिच्या बापाच्या कानापर्यंत पोचवलं.

त्याच वेळी दुसरं एक विमान उतरायला येत होतं. टॉवरवरच्या बाईंना त्याला थांबवायचं होतं, पण सगळी वाट माझ्या बडबडीने अडवलेली. नशीब, त्या वैमानिकाने भिंगरीचं विमान डोळ्यांनी पाहिलं आणि आपलं वर काढलं. बाईंनी मग काचेतून हिरवा दिवा दाखवला. हिरवा म्हणजे उतर. भिंगरीच्या तो धडा लक्षात होता. ती उतरली, आणि इतकी अलगद उतरली की मॅडमनी पाणी आलेले डोळे पुसले.

आता माझी करणी ऐका. इंजिन बंद झालं, हँडल सरळ झालं, मी सैल पडले आणि दोन्ही तारा सुट्या झाल्या. मॅडमनी आत बसून बटण दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. रेडिओ शहाण्यासारखा चालला. मीही शहाण्यासारखी वागले.

"रेडिओ ठणठणीत आहे," मॅडम म्हणाल्या. "घाबरून बटण दाबून धरलंस बाळा. पहिल्यांदा होतं असं. पण ते दुसरं विमान बघितलंस ना? अंगठ्यावर लक्ष हवं. आता मी परगावी जाणं लांबवते, महिनाभर माझ्याबरोबर, मग पुन्हा एकटं जायचं बघू."

भिंगरी म्हणाली, "मला वाटलं मी सोडलं होतं."

मिस्त्री तिथेच उभे होते. सगळे त्यांच्याकडे बघत होते, कारण शेवटचा शब्द त्यांचा असायचा. ते पुढे आले, लेकीचा डावा हात हातात घेतला, तिचा अंगठा दोन बोटांनी चोळला आणि म्हणाले, "ताठरतो गं कधी कधी. होईल सवय."

संध्याकाळच्या आत त्यांनी मला विमानातून काढून खिशात टाकलं. विचारलं त्याला सांगितलं, एकदा साफ करून घेतो.

पुढचे चार दिवस मी त्यांच्या घरात फळीवर, डब्यांच्या मागे होते. तिथून टेबल दिसत असे. भिंगरी भाताचा डाव हातात उभा धरून बसायची. डावाच्या दांड्यावर अंगठा दाबायची, टॉवरला हाक मारायची, अंगठा उचलायची आणि उचललेल्या अंगठ्याकडे बघत पाचपर्यंत मोजायची. मग पुन्हा. सकाळी तेच, दुपारी तेच. जिला एका जागी बसता येत नव्हतं ती पोर तासन्‌तास बसून आपल्याच अंगठ्यावर पहारा देत होती. मिस्त्री जेवताना मान वर करत नव्हते. दोनदा त्यांनी तोंड उघडलं आणि मीठ मागितलं.

चौथ्या दुपारी तिघं जेवायला बसली असताना भिंगरी म्हणाली, "आई, मला नाही वाटत मला जमेल. माझ्याच हाताचं मला कळत नसेल तर वर जाऊन मी कुणाचा तरी जीव घेईन."

आईचा हात डब्याला लागला आणि मी खाली पडले. तिने मला उचललं. केसांत वर्षानुवर्षं फिरलेली बोटं ती. नवव्या वेटोळ्यावर येऊन आपसूक थांबली. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे इथं भाजलं होतं. तुम्हालाही दिसलं होतं ना?"

मिस्त्री उठले. बायकोच्या हातातून मला घेऊन त्यांनी लेकीच्या हातात दिलं, आणि तिचा अंगठा धरून त्या चपट्या जागेवर ठेवला.

"तुझा अंगठा बरोबर होता," ते म्हणाले. "तू सोडलं होतंस बटण. ही आत चिकटली होती."

भिंगरीने मला उजेडाकडे धरलं, वाकवलं, पाहिलं. शिकलेली पोर ती, तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"तुम्हाला कधी कळलं?"

"ओव्हनमधून काढली तेव्हाच."

"म्हणजे मी वर होते तेव्हाही माहीत होतं?"

"हो."

"आणि खाली आले तेव्हा?"

मिस्त्रींची नजर तिच्या अंगठ्यावर होती. ती रडेल, ओरडेल, मला भिंतीवर फेकून मारेल असं मला वाटलं. तिने मला टेबलावर नीट ठेवलं.

"बाबा, तुम्ही माझा अंगठा चोळून दिला होतात," ती म्हणाली, आणि डाव उचलून जागेवर ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी मला आणि लॉगबुक घेऊन तपासणी खात्याच्या साहेबांचं दार गाठलं. वायर कशी केली, डाग कसा दिसला, कसा मागे वळवला, काय लिहिलं, सगळं सांगितलं. मग हँगरमध्ये मॅडम आणि ते चारही विमानमालक उभे असताना तेच पुन्हा सांगितलं. साहेबांनी परवाना वर्षभरासाठी काढून घेतला. मालकांनी वायरीसाठी कंपनीला चिठ्ठ्या पाठवल्या. ज्या माणसाच्या सहीवर डोळे मिटून बसत, तो वर्षभर दुसऱ्याच्या हाताखाली नुसते नट पुसत होता. त्याबद्दल त्याची कुरकूर मी कधी ऐकली नाही.

चौकशी संपल्यावर साहेबांनी मला परत दिलं. मिस्त्रींनी हँगरच्या भिंतीवर खिळा ठोकून मला लटकवलं, नववं वेटोळं पुढे करून. शिकायला येणारे मला चाचपतात, माझी कहाणी विचारतात, आणि दर वेळी मला वाटतं, खिळा निसटावा आणि मी टेबलाखालच्या अंधारात पडावं. तरी तुम्हाला विनंती एवढीच, की मला खाली काढू नका. स्वस्तात केली म्हणून मी वाईट नाही. स्वस्त वायर चांगलीही होते, केबल आणखी एक वार आणली असती आणि एक दिवस धीर धरला असता तर झालीच असती. वाईट ते त्या मागे वळवण्यात होतं. तुमच्या हातात अशी चपटी जागा आली तर ती पुढेच राहू द्या. माझं सांगून झालं.

आता परवाना परत मिळालाय. भिंगरीही उडते, एकटी उडते. विमानात वायर कंपनीची आहे आणि ती मिस्त्रींनीच बसवलीय. दर उड्डाणाआधी भिंगरी आत वाकून एकेक वायर बोटांनी चाचपत जाते, वेटोळं न् वेटोळं, वरून, खालून, मागून. शिकवलंच आहे तसं, सगळ्यांनीच करावं असं आहे. तिने ते त्या दिवसाआधी कधी केलं नव्हतं. मिस्त्री पंखाखाली हात पुसत उभे असतात.

"झालं का गं?" ते विचारतात.

"नाही," ती मान वर न करता म्हणते, आणि ते थांबून राहतात.